भिंतीवरील खुणा आणि आखणी : खडू, त्याचे पर्याय व वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली किंवा श्रावणातील कानबाई देवीच्या उत्सवातील रोटांची तारीख ठरली की खानदेशातील घरोघरी भिंतींची कामे निघतात. कुठे रंगरंगोटी असते, कुठे स्वयंपाकघरात नवी टाइल बसवायची असते, तर कुठे फडताळासाठी खुंट्या ठोकायच्या असतात. या सर्व कामांत पहिली पायरी खुणेची असते आणि नेमकी तीच घाईत उरकली जाते. खुणेबाबत एकच गोष्ट आधी ठरवावी लागते : काम संपल्यावर ती खूण पुसली जाणार आहे, झाकली जाणार आहे, की राहणार आहे? पुढील बहुतेक उत्तरे या प्रश्नावरच अवलंबून आहेत.

भिंतीवर खूण करण्यासाठी कोणता खडू घ्यावा?

शाळेत वापरला जाणारा साधा पांढरा खडू बहुतेक कामांना पुरतो. आपल्याकडे मिळणारा मऊ खडू प्रामुख्याने जिप्समचा, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसपासून बनवलेला असतो. तो गिलाव्यावर, विटेवर व लाकडावर सहज उमटतो आणि कोरड्या फडक्याने बराचसा निघून जातो. ‘डस्टलेस’ म्हणून विकला जाणारा खडू अधिक घट्ट व जड असतो. त्याची धूळ हवेत कमी उडते, पण खरखरीत गिलाव्यावर त्याची रेघ फिकी येते आणि तो कुटून बारीक भुकटी करणेही कष्टाचे असते. म्हणून हाताने खुणा करायच्या असतील तर दोन्ही चालतील, मात्र दोरीसाठी (भुकटी लावलेला दोरा ताणून भिंतीवर सोडला की सरळ रेघ उमटते, त्यासाठी) भुकटी हवी असेल तर मऊ खडूच घ्यावा.

रंगीत खडूबाबत सावध राहावे. त्यातील काही रंग नुकत्याच पुट्टी केलेल्या भिंतीत शोषले जातात आणि वरून पांढरा रंग दिल्यावरही त्यांची झाक राहते. रंगीत खडू वापरायचाच असेल तर आधी कपाटामागे किंवा दाराआड झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यात एक रेघ ओढून, ती ओल्या फडक्याने पुसून पाहावी.

खडू सहज मिळत नाही. तो कुठे शोधावा?

अनेक शाळांत आता पांढरे फळे आले असल्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानात खडूची पेटी असेलच असे नाही. तालुक्याच्या गावातील जुन्या स्टेशनरीच्या दुकानात मात्र तो हमखास मिळतो. शिलाई साहित्याच्या दुकानात शिंप्याचा चपटा खडू मिळतो आणि त्याच्या धारदार कडेमुळे रेघ बारीक येते. लोखंडी दरवाजे व ग्रिल बनवणाऱ्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यात शंखजिऱ्याच्या दगडी कांड्या असतात. लोखंडावर खूण करण्यासाठी त्या असल्या तरी गडद भिंतीवरही चांगल्या उमटतात. हार्डवेअरच्या दुकानात सुताराची चपटी पेन्सिल आणि दोरीची डबी मिळते. गेरू, रांगोळी व पुडीतील नीळ किराणा किंवा पूजा साहित्याच्या दुकानात विचारावी. आठवडे बाजारात रांगोळीवाल्याजवळ बारीक चाळलेली पांढरी भुकटी मिळाली तर तीही घेऊन ठेवण्यासारखी असते.

शिंप्याच्या खडूत दोन प्रकार असतात. एक मातीसारखा कोरडा असतो, तर दुसरा मेणाचा. मेणाचा खडू बोटाला किंचित चिकट लागतो आणि त्याच्या रेघेवर पाण्याचा थेंब टाकला तर तो पसरत नाही. असा खडू रंग द्यायच्या भिंतीवर अजिबात वापरू नये, कारण मेणावर पाण्याचा रंग धरत नाही आणि पुढे तेवढीच रेघ उघडी पडते. मुलांच्या मेणाच्या रंगकांड्यांनाही हाच नियम लागू आहे.

खडू नसेल तर घरातील कोणत्या वस्तू चालतात आणि कोणत्या टाळाव्यात?

पुट्टी झालेल्या पांढऱ्या भिंतीवर पांढरा खडू दिसतच नाही, तेथे साधी शिसपेन्सिल हाच सर्वोत्तम पर्याय आहे. रेघ हलकी ओढावी. दाबून ओढल्यास पुट्टीत चर पडतो आणि गडद शिसे फिक्या रंगाखालून करड्या रेघेच्या रूपाने डोकावते. पूर्ण रेघ ओढण्याऐवजी हात-दीड हाताच्या अंतराने बारीक टिंबे दिली तरी काम भागते.

गेरू आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे आणि तो ठळक उमटतो, पण तो लोहयुक्त मातीचा रंग असल्यामुळे उन्हाने उडत नाही आणि पुसल्याने पूर्ण जात नाही. वर पांढरा रंग देताना ब्रशबरोबर तो पसरतो आणि त्या जागी गुलाबी झाक येते. त्यामुळे गेरू कच्च्या कामासाठी ठेवावा : विटांच्या उघड्या भिंतीवर, गिलाव्याआधीच्या खुणांसाठी, पाइप व वायरिंगच्या झिरीसाठी (भिंतीत कोरलेल्या खाचेसाठी), म्हणजे जेथे पुढे सिमेंटचा थर येणारच आहे तेथे. कोळशाचेही असेच आहे. तो विटेवर चालतो, पण रंगाच्या भिंतीवर हात लागेल तेथे काळे करतो.

नीळ वापरताना पुडीतील कोरडी नीळच घ्यावी. ती पाण्यात न विरघळणारी बारीक भुकटी असते आणि बाजारातील निळ्या चॉक पावडरीच्या जवळपास काम देते. मात्र एकटी वापरली तर खरखरीत गिलाव्यात तिचा निळसर अंश राहतो, म्हणून खडूच्या किंवा शंखजिऱ्याच्या आठ-दहा चमचे भुकटीत तिचा एक चमचा मिसळावा. बाटलीतील पातळ नीळ मात्र वापरू नये, कारण तिच्यातील रंग पाण्याबरोबर भिंतीत खोल मुरतो.

रांगोळी जाडसर असेल तर ती दोरीला धरत नाही. मलमलीच्या फडक्यातून वस्त्रगाळ केल्यास ती उपयोगी पडते. अंगाला लावायची टाल्क पावडर दोरीला छान धरते, परंतु ती फक्त गडद भिंतीवर दिसते. पीठ किंवा मैदा वापरण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो मानू नये, कारण मुंग्या लागतात आणि पावसाळ्यात त्या रेघेवर बुरशी धरते.

कोरड्या चुन्याची फक्की ही जमिनीवर पायाची आखणी करण्यासाठी योग्य आहे. भिंतीवर, विशेषतः डोक्याच्या वरच्या उंचीवर, दोरी मारण्यासाठी ती वापरू नये. दोरी सुटताच भुकटी खाली येते आणि चुना डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होऊ शकते.

हळद चालेल का? ती घरात असतेच.

सिमेंटच्या गिलाव्यावर किंवा चुन्याच्या भिंतीवर हळद मुळीच वापरू नये. सिमेंट आणि चुना दोन्ही क्षारधर्मी आहेत आणि क्षाराशी संयोग होताच हळद लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणामुळे. ओलसर भिंतीवर तो तांबडा डाग लगेच पक्का बसतो.

दोरी मारण्याची योग्य पद्धत कोणती?

लांब सरळ रेघेसाठी पट्टी जोडत जाण्यापेक्षा दोरी मारणे केव्हाही अचूक असते. त्यासाठी सुती दोरा घ्यावा, कारण नायलॉनचा दोरा गुळगुळीत असल्यामुळे त्यावर भुकटी टिकत नाही. पतंगाचा मांजा तर मुळीच नको. त्याने बोट कापते. दोरा साधारण पोते शिवण्याच्या दोऱ्याइतका जाड असावा. फार जाड दोरीची रेघ बोटभर रुंद येते आणि मग रेघेच्या कोणत्या कडेला काम करायचे याचा वाद सुरू होतो.

दोरा भुकटीतून ओढून घ्यावा आणि हवेत एकदा हलकेच झटकावा, म्हणजे जादा भुकटी पडून जाते. दोन्ही टोकांच्या खुणांवर दोरा दोघांनी अंगठ्याने घट्ट दाबून धरावा. एकट्याने काम करायचे असल्यास एका टोकाला बारीक खिळा ठोकावा. मग दोरा भिंतीपासून सरळ आपल्या दिशेने ओढून सोडावा. तो वर किंवा खाली तिरपा ओढला गेला तर रेघ वाकडी येते आणि टोकांच्या खुणा बरोबर असल्यामुळे चूक कुठे झाली हे लक्षात येत नाही. दोरी एकदाच सोडावी. फिकी आली म्हणून तशीच दुसऱ्यांदा सोडल्यास दोन रेघा पडतात; त्यापेक्षा पहिली रेघ पुसून, दोऱ्याला पुन्हा भुकटी लावून नव्याने मारावी.

भिंत दहा-बारा फुटांपेक्षा लांब असेल तर आडवा दोरा स्वतःच्या वजनाने मध्ये किंचित झोल घेतो. अशा वेळी मध्यभागी तिसरी खूण मोजून घ्यावी, तेथे अंगठ्याने दोरा दाबावा आणि डावी व उजवी बाजू स्वतंत्रपणे सोडावी. बाहेरच्या भिंतीवर हे काम उन्हाळ्यात सकाळीच उरकावे. दुपारी वारा सुटला की भुकटी दोऱ्यावर राहत नाही आणि ताणलेला दोराही थरथरत राहतो.

बाजारातील चॉक लाइनची डबी घ्यावी का?

एक-दोन खोल्यांचे काम असेल तर गरज नाही. झाकणाच्या रिकाम्या डबीत भुकटी भरून, झाकणाला भोक पाडून त्यातून दोरा ओढला तरी तेच काम होते. भोकाच्या आत फोमचा किंवा जुन्या फडक्याचा तुकडा बसवला की जादा भुकटी आतच राहते. पूर्ण घराच्या टाइलचे किंवा फॉल्स सीलिंगचे काम असेल तर डबी घेणे सोयीचे. तिच्यात दोरा गुंडाळताना आपोआप भुकटी लागते आणि बऱ्याच डब्यांचा आकार ओळंबा (उभी रेघ तपासण्यासाठी दोऱ्याला टांगलेले वजन) म्हणूनही उपयोगी पडतो. भुकटी घेताना रंग पाहून घ्यावा. पांढरी व निळी भुकटी सहसा पुसली जाते, तर लाल व काळी भुकटी पक्की असते. दुकानदार लाल भुकटी पुढे करतो, कारण गवंड्यांकडून तिलाच मागणी असते. घरातील रंगवलेल्या भिंतीसाठी ती परत करून निळी मागावी.

खुणा एका पातळीत आहेत हे कसे तपासावे?

या प्रश्नाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, म्हणून याचे उत्तर विस्ताराने देत आहोत. फरशीपासून टेपने वर मोजत जाऊन चारही भिंतींवर खुणा करणे ही पद्धत चुकीची आहे. फरशी क्वचितच समपातळीत असते, आणि न्हाणीघरात व गच्चीवर तर तिला मुद्दाम उतार दिलेला असतो. त्यामुळे खोलीत एका ठिकाणी, साधारणपणे तयार फरशीपासून एक मीटर उंचीवर, एक खूण करावी आणि तीच पाणी भरलेल्या नळीने (तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहते) प्रत्येक कोपऱ्यात न्यावी. गवंडी तिला मीटर लेव्हल म्हणतात. पुढे टाइलची वरची कड, ओट्याची उंची, स्विचबोर्ड, खिडकीची चौकट हे सर्व या रेघेपासून वर किंवा खाली मोजावे.

नळी पारदर्शक हवी. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या शेतांत ठिबकच्या नळ्या मुबलक पडलेल्या असतात, परंतु त्या काळ्या असल्यामुळे आतले पाणी दिसत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक लेव्हल ट्यूबच आणावी. एक टोक पाण्याच्या बादलीत बुडवून दुसऱ्या टोकाने ओढून ती भरावी, म्हणजे आत हवा कमी शिरते. एकही बुडबुडा राहता कामा नये. राहिल्यास नळी उभी धरून बोटांनी ठोकत तो वर काढावा. मग दोन्ही टोके शेजारी-शेजारी धरून पाणी एकाच उंचीला येते का ते पाहावे. हे न पाहता काम सुरू करणे म्हणजे काटा न तपासता तराजूने सोने तोलणे. पाणी स्थिर झाल्यावर त्याच्या वक्र पृष्ठभागाची खालची कड दोन्हीकडे वाचावी आणि वाचताना दोन्ही टोके उघडी असावीत, कारण एका टोकावर अंगठा राहिला तर पाणी हलतच नाही.

उन्हाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. नळीचा अर्धा भाग तापलेल्या अंगणात आणि अर्धा भाग घरात सावलीत असेल तर दोन्हीकडील पाण्याचे तापमान व त्यामुळे घनता वेगळी होते आणि पातळीत बारीक फरक येतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असताना हा फरक गृहीत धरावा आणि संपूर्ण नळी सावलीत राहील अशी सकाळची वेळ निवडावी.

लहान अंतरासाठी, म्हणजे एखादी फळी किंवा दोन-तीन फोटो लावण्यासाठी, बुडबुड्याची लेव्हल पट्टी पुरेशी असते. तिची परीक्षा सोपी आहे : एकदा ठेवून बुडबुडा पाहावा, मग पट्टीची डावी-उजवी टोके बदलून ती त्याच जागी ठेवून पुन्हा पाहावा. दोन्ही वेळा बुडबुडा मध्यापासून त्याच बाजूला आणि तितकाच राहिला तरच पट्टी खरी.

उभी रेघ आणि काटकोन कसा घ्यावा?

उभ्या रेघेसाठी ओळंबा सोडावा आणि तो डोलायचा थांबल्यावरच वर व खाली खूण करावी. ओळंबा नसेल तर जड नट बांधलेला दोरा चालतो.

काटकोनासाठी सुताराचा गुण्या लहान जागी उपयोगी आहे, पण खोलीच्या मापाला तो अपुरा पडतो. तेथे तीन-चार-पाचचे माप घ्यावे : कोपऱ्यापासून एका रेघेवर ३ फूट, दुसऱ्या रेघेवर ४ फूट खूण करावी आणि या दोन खुणांमधील तिरपे अंतर नेमके ५ फूट भरले तर कोन काटकोन आहे. जागा असल्यास ६, ८ व १० फूट घ्यावेत, कारण माप मोठे घेतल्यास चूक कमी होते. जुन्या घरांचे कोपरे बहुधा गुण्यात नसतात. म्हणून टाइलची आखणी कोपऱ्यापासून सुरू न करता भिंतीच्या मध्यावर उभी रेघ मारून दोन्ही बाजूंना करावी. त्यामुळे कापलेले तुकडे दोन्ही टोकांना सारखे येतात.

कोणत्या भिंतीला काय चालते?

लाल विटेवर आणि भुसावळजवळील दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणच्या राखेपासून बनणाऱ्या करड्या फ्लाय ॲश विटेवर पांढरा खडू उत्तम दिसतो. सिमेंटच्या कोरड्या गिलाव्यावरही तोच वापरावा. नवा गिलावा किमान सात दिवस पाणी मारून भिजवावा लागतो आणि त्या काळात खडू टिकत नाही. तेवढ्यापुरता ओल्या गिलाव्यावर खिळ्याने हलका ओरखडा काढावा.

डिस्टेंपरच्या भिंतीवर सर्वाधिक काळजी घ्यावी लागते. तेथे रेघ ओल्या फडक्याने पुसली की तिच्याबरोबर डिस्टेंपरही निघते आणि त्या जागी चट्टा पडतो. खडूची रेघ मऊ कोरड्या ब्रशने झटकावी, पेन्सिलची रेघ स्वच्छ खोडरबरने हलके खोडावी. प्लास्टिक इमल्शन व ऑइल पेंट ओल्या फडक्याला दाद देतात, मात्र ऑइल पेंटच्या चकचकीत भिंतीवर खडू घसरतो, तेथे टेपचा तुकडा चिकटवून त्यावर पेन्सिलने खूण करावी.

चकचकीत टाइलवरही हीच युक्ती वापरावी. टेपमुळे ड्रिलचे टोकही घसरत नाही. टाइलवर मार्करची खूण झालीच तर ती स्पिरिटने निघते, परंतु सांध्यांमधील ग्राउटला मार्कर लागू देऊ नये, कारण तो तेथून निघत नाही.

मातीच्या धाब्याच्या घरांत शेणमातीने सारवलेल्या भिंतीवर कोरडा खडू दाबला की भिंतीचे पापुद्रे सुटतात. अशा भिंतीवर भिजवलेला खडू अलगद फिरवावा किंवा चुन्याच्या निवळीचे बोट टेकवावे. या भिंतीवर दोरी मारण्यात अर्थ नाही, कारण तिचा पृष्ठभागच उंचसखल असतो; दोरा दोन खिळ्यांना ताणून तसाच ठेवावा आणि त्याच्या अनुरोधाने काम करावे.

बॉलपेन किंवा मार्कर वापरल्यास काय होते?

त्यांची शाई वरच्या रंगात विरघळून पृष्ठभागावर येते. रंगाचे दोन हात दिले तरी काही दिवसांनी ती रेघ जांभळट किंवा निळसर होऊन पुन्हा दिसू लागते आणि तिसरा हात देऊनही फरक पडत नाही. असे झाल्यास तेवढ्या भागाला तेलाचा किंवा लाखेचा डागरोधक प्रायमर लावून, तो पूर्ण वाळल्यावरच रंग द्यावा. घासून काढायचा प्रयत्न करू नये. त्याने शाई पसरते.

टेपने खूण करणे सुरक्षित आहे का?

रंगकामाची मास्किंग टेप खुणेसाठी फार सोयीची आहे, कारण तिच्यावर लिहिता येते आणि काम झाल्यावर ती निघते. मात्र ती भिंतीवर आठवडाभर राहू देऊ नये. पश्चिमेच्या भिंतीवर उन्हाळ्यात डिंक वितळून भिंतीला चिकटतो, तर कमी वाळलेल्या रंगावरून टेप ओढली की रंगाचा पापुद्राही येतो. कानबाईच्या आधी, म्हणजे पावसाळ्यात, रंगकाम होते तेव्हा दमट हवेमुळे रंग वाळायला जास्त वेळ लागतो हे ध्यानात ठेवावे. खाकी पार्सल टेप किंवा वायरची काळी टेप भिंतीला लावू नये.

वायरिंग व पाइपच्या झिरीसाठी कोणती खूण टिकते?

मार्बल कटर चालू होताच धुळीचे लोट उठतात आणि खडूची रेघ दिसेनाशी होते. येथे गेरू किंवा लाल भुकटीची दोरी योग्य आहे, कारण झिरीवर पुढे सिमेंट व पुट्टी येणार असते. झिरीच्या दोन्ही कडांच्या रेघा माराव्यात, मधली एकच रेघ मारल्यास कारागीर अंदाजाने रुंदी घेतो. झिरी उभी किंवा आडवी असावी, तिरपी नसावी. पुढे कोणी खिळा ठोकताना बोर्डाच्या सरळ वर किंवा बाजूला वायर असेल असे गृहीत धरतो.

भिंतीला भेगा आहेत. त्या वाढत आहेत का हे खुणांनी कळू शकते का?

होय, आणि खानदेशात हा प्रश्न विचारणे योग्यच आहे. तापी, गिरणा व पांझरा यांच्या खोऱ्यांतील काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया त्या मातीत उथळ असेल तर घर दरवर्षी थोडे वर-खाली होते आणि भिंतींना, विशेषतः दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून, तिरप्या भेगा जातात. अशी भेग घाईने पुट्टीने बुजवली तर पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते.

म्हणून आधी निरीक्षण करावे. भेगेच्या दोन्ही टोकांना टोकदार पेन्सिलने आडवी बारीक रेघ मारून शेजारी तारीख लिहावी. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकमेकांपासून १० सेंटिमीटर अंतरावर दोन टिंबे द्यावीत आणि ते अंतर महिन्यातून एकदा स्टीलच्या पट्टीने मोजावे. येथे खडू चालत नाही, कारण त्याची रेघ जाड येते आणि महिनाभरात पुसली जाते. दुसरा मार्ग म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसची पातळ पट्टी भेगेवर आडवी लावणे. भिंत हलली की ती तडकते. पाणी लागणाऱ्या बाहेरच्या बाजूला मात्र ही पट्टी टिकणार नाही. नोंद मे महिन्यात सुरू करून ऑक्टोबरपर्यंत ठेवावी, म्हणजे कोरडा व ओला असे दोन्ही काळ तिच्यात येतात. अंतर ऋतूनुसार कमी-जास्त होत असेल तर कारण मातीत आहे असे समजण्यास जागा आहे. भेग सतत रुंदावत असेल, ५ मिलिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा दारे अडकू लागली असतील, तर नोंदीसह स्थापत्य अभियंत्याला घर दाखवावे.

लेझर लेव्हल घेतल्यास खडूची गरज उरते का?

उरते, कारण प्रकाशाची रेघ यंत्र बंद करताच जाते आणि काम करणाऱ्याची सावली तिच्यावर पडते. लेझरने दाखवलेल्या रेघेवर पेन्सिलची टिंबे द्यावीत. हिरवी रेघ लाल रेघेपेक्षा डोळ्यांना ठळक दिसते, पण खिडकीतून आलेल्या उन्हात दोन्ही फिक्या पडतात. संध्याकाळी काम करावे. किरणाकडे थेट पाहू नये आणि मुलांच्या हाती यंत्र देऊ नये.

खडूच्या धुळीचा त्रास होतो का?

थोड्या खुणांनी होत नाही. डोक्याच्या वर दोरी मारताना मात्र नाकाला रुमाल बांधावा व डोळ्यांना चष्मा लावावा. दमा असलेल्या व्यक्तीने खोलीबाहेर थांबावे. रांगोळी दगडाची भुकटी असल्यामुळे ती वस्त्रगाळ करतानाही हीच काळजी घ्यावी. झिरी मारतानाची धूळ खडूच्या धुळीपेक्षा कितीतरी अधिक घातक असते, कारण विटेत व सिमेंटच्या वाळूत सिलिका असते. तेथे साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क हवा.

उरलेली भुकटी कशी ठेवावी?

झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवावी. पावसाळ्यात तिच्यात गुठळ्या झाल्यास ताटात पसरून उन्हात वाळवावी आणि पुन्हा चाळावी.

कारागिराला काम दिले असताना खुणा कोणी कराव्यात?

मापाच्या खुणा कारागिराने कराव्यात, जागेच्या खुणा घरच्यांनी. ओटा किती उंच हवा हे त्यावर रोज उभे राहणाऱ्या व्यक्तीला कळते. साधारण ३३ ते ३६ इंच ही प्रचलित उंची असली तरी घरच्या बाईंना ओट्याच्या जागी उभे करून, कोपराच्या खाली चार-पाच बोटांवर खडूची रेघ मारून मगच आकडा ठरवावा. स्विचबोर्ड, गिझर, देवघराची फळी, पाण्याच्या फिल्टरचा नळ या जागाही आदल्या संध्याकाळी घरातील सर्वांनी मिळून खडूने दाखवाव्यात, आणि सकाळी काम सुरू होण्यापूर्वी गवंड्याबरोबर एकदा फिरून त्या वाचून घ्याव्यात. रद्द केलेली खूण पूर्ण पुसावी. एकाच भिंतीवर जुनी व नवी अशा दोन खुणा राहिल्या तर कारागिराने जुन्या खुणेवर भोक पाडण्याची शक्यता तितकीच असते.

झिऱ्या बुजवण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवावा. फोटोत मोजपट्टी भिंतीला लावलेली दिसावी, एक मीटरची रेघ दिसावी आणि खोलीचे नाव खडूने भिंतीवरच लिहिलेले असावे, म्हणजे पुढे पडद्याचा पाइप किंवा गिझर बदलण्यासाठी ड्रिल लावताना पाइप व वायर कुठून गेली आहे हे त्या रेघेपासून मोजता येते.